शंभरावा देश

"समिधाला सातवा लागला. बाळंतपणाला ती येणार म्हंजे येणार," पौर्णिमा दारातूनच म्हणाली. "खोली कदी रिकामी करताय?"

नरेशने मान वळवली नाही. त्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ कॉम्प्युटरला जोडलेला होता. देशोदेशींचे हौशी लोक पडद्यावर ओळीओळीने उमटत होते. आवाज नाही, बोलणं नाही. नाव, ठिकाण, सिग्नल किती जोराचा, आणि निरोप.

"शंभरावा देश मिळू दे. मग घे तुझी खोली."

"वर्स झालं नव्व्याण्णववर अडकून. पोरीला काय पडवीत निजवू?"

"तुला यातलं काय कळतंय गं? तुझा मोबाईल भाज्यांचे व्हिडिओ बघायला."

"कळायचं काय त्यात? यंत्र यंत्राशी बोलतं आन तुमी चहा ढोसता. त्या तुमच्या अँटेनाच्या तारेवर माझे कपडे तरी वाळतात."

तो नाकातून हसला. मायलेकी सारख्याच. समिधाने कॉलेजात असताना हौसेने रेडिओचा परवाना काढला, छोटा सेट घेतला, आणि लग्न होऊन लोधिवलीला जाताना सेट न् लॅपटॉप दोन्ही माळ्यावर टाकून गेली. ती खेळणी भंगारवाल्याला द्यायला त्यानेच गेल्या महिन्यात पौर्णिमाला सांगितलं होतं.

पौर्णिमा स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलायला बसली. लेकीशी फोनवर बोलू लागली, जात्यावर ओवी गुणगुणावी तशी, हळू.

थोड्या वेळाने पडद्यावर पॅसिफिकमधलं एक इवलंसं बेट उगवलं. नरेशने श्वास रोखून कळ दाबली. उत्तर आलं. सिग्नलची पोच आली. निरोपही आला.

"शंभर झाले गं," तो ओरडला. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "जगाच्या टोकाचं बेट, आणि सिग्नल असा, जसा शेजारच्या खोलीतून. याला म्हणतात अँटेना. तुझी कपड्यांची दोरी."

"मंग खोली?"

"घे. दिलेला शब्द हाय. पण आमच्या रेडिओवाल्या ओमकारला फोन करतो आधी. जळून खाक होईल."

पौर्णिमा शेंगा सोलत राहिली. फोन आटोपून तो गुणगुणत टेबल पडवीत ओढू लागला.

तिने शेंगांचं पोतं जरासं बाजूला सारलं. मागे लेकीचा सेट अजून कोमट होता.

"झालं गं समे," ती फोनमध्ये म्हणाली. "बेट बुडवू का आता?"