वॉम्बॅट पडतो तेव्हा

मंगळावरच्या घरातली हवा बिघडली की माणसांना चटकन कळावं, म्हणून ब्रॉन्टेनं आपल्या अ‍ॅपमध्ये एक गुबगुबीत वॉम्बॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोट्या अस्वलासारखा प्राणी, सोडला. हवा बिघडली की तो डोळे फिरवायचा आणि पाय वर करून धाडकन उताणा पडायचा. आकड्यांकडे कुणी बघत नाही, वॉम्बॅटकडे सगळे बघतील, असं तिचं म्हणणं.

अ‍ॅपची चाचणी इथेच पृथ्वीवर, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या उत्तरेला, तांबड्या माळावर चालली होती. मंगळावरच्या घरासारख्या हवाबंद घुमटात चौघं राहत होती आणि बाहेर तंबूत ब्रॉन्टे नुसत्या येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात वायरलेसवर आतल्या तेविताचा आवाज आला.

"अगं, काय पडतो गं तुझा वॉम्बॅट! सकाळपासून आम्हीही तसेच पडून दाखवतोय एकमेकांना."

"पडला? मग हवा शुद्ध करणारा पंखा लावा ना!"

"लावतो गं बाई. मुद्दामच बंद केलाय. किर्स्टीनं बघितला नव्हता, तिला दाखवतोय."

"तेविता, खेळ पुरे! आत्ताच्या आत्ता लाव!"

"थांब, डोळे फिरवतोय बघ आता..."

पलीकडे हशा पिकला. मग तो विरळ होत गेला आणि थांबला. ब्रॉन्टे हाका मारत राहिली, कुणी ओ देईना. ती तशीच अनवाणी धावत सुटली.

दार उघडलं तर चौघंही जमिनीवर उताणी पडलेली. तेविताचा एक पाय खुर्चीवर तसाच वर राहिलेला.

ते बघून ब्रॉन्टेला आधी हसूच आलं.