वरच्या खोलीचं चित्र

राजवाड्यामागे आमचं दुकान आहे. वरच्या खोलीत माझी बायको शुभदा अंथरुणाला खिळलेली. मला जिना चढवत नाही, म्हणून गल्ल्यावरून तिला कॅमेऱ्यात बघतो. आज चित्र गेलं आणि माझा जीव खालीवर झाला.

सून निशिगंधा नेटवर्कच्या स्विचपाशी बसली. "टेन्शन नका घेऊ, बाबा. बिलिंगचा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा कप्पा, वेगळा, आईंच्या कॅमेऱ्याचा वेगळा. टॅग लावले की झंझट खत्म."

चित्र आलं. शुभदाचा श्वास संथ चालला होता. मी हुश्श केलं.

"आलं गं!"

"कसं येईल? कॅमेऱ्याची वायर तर माझ्या हातात आहे."

पडद्यावर, वर्षभर स्वतःहून न हललेली शुभदा कुशीवर वळली आणि आमच्याकडे बघून हसली.

"वायर लावू, बाबा?"

"राहू दे," मी म्हणालो.