डिकीतला रेग्युलेटर

“म्हाताऱ्यांच्या हेल्पलाइनवरनं कोण येतंय व्हय? आलं तर भर चौकात अर्धी मिशी काढतो!” मी शालनवहिनींशी पैज लावली. शेजारच्या अक्काताईंनी घर आपल्या नावावर करावं म्हणून पुतण्या बाहेर जाताना गॅसचा रेग्युलेटर गाडीच्या डिकीत घालून न्यायचा. म्हातारी दिवसभर उपाशी. वहिनींनी फोन फिरवला, दुसऱ्याच दिवशी हेल्पलाइनच्या एक मॅडम हवालदाराला घेऊन हजर! पुतण्या म्हणाला, “काकू मजेत हायत.” मॅडम म्हणाल्या, “मग काकू, तुमच्या हातचा चहा पाजा की.” शेगडीपाशी जाऊन अक्काताईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, “रेग्युलेटर ह्याच्या डिकीत हाय.” हवालदारानं किल्ली मागितली. संध्याकाळी चौकात न्हाव्यानं माझ्या अर्ध्या मिशीवर वस्तरा फिरवला, गल्लीनं शिट्ट्या मारल्या. अक्काताई चहा घेऊन आल्या, “पी मुडद्या, साखर जादा घातलीया.” मी घोट घेतला आणि न्हाव्याला म्हटलं, “आता उरलेली पण काढ की, मर्दा!”