पेंग्विनचा प्रश्न

नाताळच्या सुट्टीत ब्रेंडा दुपारी नेवऱ्यांत सारण भरायची आणि तिची लेक मेलिसा फोनवर रेडिओची जुनी बालमालिका लावायची. सांताची हरवलेली घंटा शोधणारा म्हातारा पेंग्विन मध्येच विचारायचा, "मुलांनो, कुठल्या वाटेने जाऊ?" उत्तरासाठी तो क्षणभर थांबायचा. मेलिसा ओरडायची, "लेफ्ट!"

मेलिसा तापाने गेली, त्याला वर्ष होत आलं. आज क्वेकर्स हिलमधल्या घरी, इथल्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात तापलेल्या त्याच स्वयंपाकघरात ब्रेंडाने एकटीनेच तो भाग लावला. पेंग्विनने विचारलं आणि तो थांबला. थांबूनच राहिला. ब्रेंडाला हुंदका आवरेना.

मग पेंग्विन हळूच म्हणाला, "जरा मोठ्याने सांग, मेलिसा. मम्मी रडतेय ना, तुझं ऐकू येत नाही."