सिस्टरचं बोट

सिस्टरनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं, पण काचेपलीकडे बाळाची आई दिसत होती. दहा दिवसांची बाळंतीण, खुर्ची दिली तरी बसायला तयार नाही.

बाळाला आत नेताना तिने सिस्टरचा हात धरला होता. "सुंता करताना दुखणार का त्याला? खरं सांगा."

"तान्ह्या बाळाला काही कळत नाही, बाई," सिस्टर म्हणाल्या होत्या. चौतीस वर्षं त्या याच दारात हेच सांगत आल्या होत्या. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी ते वाक्य बिनचूक म्हटलं असतं.

"रडला तर मी आत येऊन उचलून नेईन त्याला. मग कोणी काही म्हणो."

सासूबाईंनी डोळे वटारले होते. बाळाच्या बापाने भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला होता.

नव्या डॉक्टरीणबाईंनी भुलीची दोन बारीक इंजेक्शनं दिली. बाळाने टाहो फोडला. काचेपलीकडे आईचा हात कडीवर आला. सिस्टरनी साखरपाण्याचा बोळा बाळाच्या ओठांना लावला, तसं ते चोखू लागलं आणि रडं ओसरलं. आईचा हात मात्र कडीवरच राहिला.

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

"आता काय?" सिस्टरनी विचारलं.

"पाच मिनिटं थांबायचं. औषध भिनायला हवं."

"आधीच्या मोठ्या डॉक्टरांचे एवढ्यात सगळं उरकून हातसुद्धा धुऊन झाले असते."

"त्यांच्या वेळी बाळं रडायची?"

"बाळं रडतातच हो. मग दोन मिनिटांत गाढ झोपतात. दुखलं असतं तर झोपली असती का?"

"झोपत नसतील, सिस्टर. दमत असतील."

सिस्टरना राग आला. कालची पोर, आणि आपल्याला बाळं शिकवणार! दुसरं कोणी असतं तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. पण बोट मुठीत होतं.

त्या बोटात एके काळी अंगठी होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती काढून डाव्या हातात घातली. कात्री लागली की इवलीशी मूठ असा विळखा घालायची की अंगठी रुतून बोट पांढरं पडायचं. अंगठी का काढली हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याचं टोक लावून पाहिलं आणि कामाला सुरुवात केली. सिस्टरनी सवयीने दात आवळले, बोट ताठ केलं.

मूठ होती तशीच राहिली. रडं नाही, हुंदका नाही. या खोलीत इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. चौतीस वर्षं रडण्यावरूनच तर कळायचं, पोर ठीक आहे म्हणून.

"थांबा!" त्या ओरडल्या आणि त्यांनी बाळाच्या नाकाशी गाल नेला.

श्वास लागला. ऊन ऊन, दुधाच्या वासाचा. बाळ बोळा चोखत छताच्या दिव्याकडे टकमक बघत होतं.

तेवढ्यात दार धडधडलं. "तो रडत का नाही? काय झालं त्याला?"

डॉक्टरीणबाई मास्कमागे हसल्या. "घ्या! रडला तरी भीती, नाही रडला तरी भीती."

"ठीक आहे गं तो!" सिस्टर आतूनच ओरडल्या. "मजेत आहे लबाड!" मग त्यांनी मुठीतल्या आपल्या बोटाकडे पाहिलं.

काम झालं, पट्टी झाली. सिस्टरनी बाळ बाहेर आणून आईच्या हातात दिलं. आईने आधी त्याचे डोळे पाहिले. कोरडे होते. मग कुठे ती खुर्चीत बसली, आणि हसता हसता स्वतःच रडू लागली.

"बघ, मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. "तान्ह्याला काही कळत नाही. ह्याच्या बापाच्या वेळी ह्याच सिस्टरनी, ह्याच दारात सांगितलं होतं मला."

सिस्टरनी बापाकडे पाहिलं. सहा फुटी, दाढीवाला गडी. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सगळे खुशीत होते.

"कळतं, आजी," त्या म्हणाल्या. "सगळं कळतं. आज औषध देऊन थांबलो, म्हणून दुखलं नाही. तेव्हा आम्ही औषधही देत नव्हतो आणि थांबतही नव्हतो."

सासूबाईंचा चेहरा उतरला. बाप घाईघाईने सावरून घ्यायला पुढे झाला. "जाऊ द्या हो, सिस्टर. मला कुठे आठवतंय?"

"तुला नसेल आठवत." सिस्टरनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "ह्याला आठवतं."

तो गडी पुढे वाकला. त्याने ते बोट मुठीत धरलं. अगदी हलकेच.