ढगांची गोलंदाज

मैदानावर छत आलं आणि नाणेफेक जिंकणाऱ्याला हवं ते हवामान मागवता येऊ लागलं. ढगाळ हवेत सुलक्षणा धुमाळचा चेंडू भन्नाट वळे, उन्हात मात्र तिला कुणीही झोडपे. नाणेफेक हरली की तिला वगळतच.

अंतिम सामन्याची नाणेफेक कप्तान निलोफरने जिंकली. "तुझ्यासाठी ढग मागवते."

"ऊनच मागव, ताई. ढगांत जिंकले तर लोक चषक ढगांनाच देतील."

वर्षभर ती उन्हातच सराव करत घाम गाळत होती. सुरुवातीला चौकार बसले, पण ती डगमगली नाही. वेग बदलत, टप्पा पकडत तिने पाच जणींना तंबूत धाडलं.

"आता तुझ्याविरुद्ध कुठलं हवामान मागवायचं?" हरलेल्या संघाच्या कप्तानने हात मिळवत विचारलं.

सुलक्षणा ताठ मानेने म्हणाली, "तुम्हाला मानवेल ते."