लीलाबाईंची साक्ष

गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी का, यावर तालुक्याच्या सभागृहात सरकारी जनसुनावणी चालू होती. वारलेल्या रुग्णांचंही मत ऐकता यावं म्हणून दवाखान्यातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्र त्यांचे आवाज तयार करत होतं.

लीलाबाईंचा नंबर आला. "मी गांजाला कधी हात लावला नाही," स्पीकरमधून त्या म्हणाल्या. "गोळ्यांनीच माझं दुखणं थांबलं."

आवाज हुबेहूब त्यांचाच होता. त्यांचा नवरा आत्माराम ताडकन उठला. "खोटं आहे हे!"

"असं का, काका?" अधिकारी गोड हसला. "मग खरं काय ते माइकवर सांगा ना."

दाराशी पोलीस उभे होते. मघाशी असेच उठून माइकवर बोललेल्या दोघांना त्यांनी बाहेर नेलं होतं, ते परत आले नव्हते.

"दाजी, खाली बसा," मेहुणा दशरथ कुजबुजला. "अक्का नाही ती. आपल्याला पकडायचा गळ आहे तो."

आत्माराम बसणारच होता. तेवढ्यात यंत्राने तेच वाक्य पुन्हा लावलं. "गोळ्यांनीच माझं दुखणं थांबलं."

त्याने माइक घेतला. "गोळ्या खाऊनही ती रात्रभर कण्हायची. मी दुधात गांजा उकळून दिला, तेव्हा कुठे झोपली."